सेवा सोडायला निघालेल्या पाळक-मित्राजवळ कसं बसावं

प्रश्न असा आहे: "सेमिनरीतला माझा जुना मित्र नवी मुंबईत एका मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक आहे. वय ४१, सेवेची १३ वर्षं, दोन मुलं. गेल्या महिन्यात तो म्हणाला, 'मी सोडतोय, कोणाला सांगू नकोस.' मीही पाळकच आहे. त्याला थांबवू का? वरिष्ठांच्या कानावर घालू का? काय बोलावं तेच कळत नाही."

जय ख्रिस्त. मित्र तुमच्याशी हे बोलला, ही साधी गोष्ट नाही. मंडळीत कोणाला सांगता येत नाही, कमिटीला तर नाहीच. वरिष्ठांना सांगितलं तर आधी चौकशी होईल ही धास्ती. घरी सांगावं तर बायकोच्या डोळ्यांपुढे मुलांची फी आणि राहतं क्वार्टर उभं राहतं. एवढं सगळं ओलांडून तो तुमच्यापर्यंत आला आहे.

ठाणे आणि नवी मुंबई मिळून माझ्या पाळकीला ३२ वर्षं झाली. या काळात सात जणांनी माझ्यासमोर बसून हेच वाक्य उच्चारलं. तिघे सेवेत राहिले, चौघे गेले. आणि २००९ साली मी स्वतः हेच एका ज्येष्ठ पाळकांना सांगितलं होतं. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते दोन्ही बाजूंनी बसून पाहिलेलं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. त्याचं पाचारण, म्हणजे सेवेसाठी आलेली देवाची हाक, वाचवायचं ओझं तुम्ही घेऊ नका, ते ज्याने दिलं तो समर्थ आहे. तुम्ही त्या माणसाकडे बघा. एवढा मोठा निर्णय त्याला दमलेल्या अवस्थेत, एकट्याने घ्यावा लागू नये, आणि निर्णय काहीही झाला तरी त्याचा मित्र त्याला सोडून जाऊ नये, हे तुमच्या हातात आहे.

पहिल्या भेटीत बायबलची वचनं सांगू नका. हे मी आग्रहाने सांगतो, कारण मी ती चूक केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी कळव्याला राहणारा एक पाळक माझ्याकडे आला. मी तरुण होतो, माझी मंडळी वाढत होती. त्याचं बोलणं अर्धवट ऐकून मी लूक ९:६२ काढलं: नांगराला हात घालून मागे पाहणारा. मग देवाच्या कामापासून पळालेला योना काढला, त्याचं तार्शीशचं जहाज काढलं. त्याने मान हलवली, चहा संपवला, "प्रार्थना करा" म्हणाला आणि निघून गेला. पुढची दोन वर्षं त्याने माझा फोन उचलला नाही. नंतर तो म्हणाला, "पास्टर, त्या वचनावर मी स्वतः चार वेळा संदेश दिला होता. रोज रात्री तेच वचन घेऊन मी स्वतःला मारत होतो. तुमच्याकडे मी त्यापासून जरा आडोसा मागायला आलो होतो."

तुमच्या मित्रालाही सगळी वचनं पाठ आहेत. "पाचारण विसरलास का?", "मंडळीचं काय होईल?", "सैतानाची परीक्षा आहे", "माझ्यावरही अशी वेळ आली होती, पण मी टिकलो" ही वाक्यं तोंडावर आली तरी गिळा. शेवटचं तर जास्तच, कारण त्यातून त्याला एवढंच ऐकू येतं की तू टिकला नाहीस.

शास्त्राचा आधारच हवा असेल तर १ राजे १९ तुमच्यासाठी वाचा, त्याच्यासाठी नको. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवून आलेला संदेष्टा एलीया रानात झुडपाखाली पडून मरण मागतो. देव त्याला आधी झोपू देतो. मग देवदूत उठवून भाकर आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो, पुन्हा खाणं. "एलीया, तू येथे काय करत आहेस?" हा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनंतर, होरेबाच्या गुहेत. आणि त्याने आपलं रडगाणं दोनदा सांगितलं तरी देव ते दोन्ही वेळा ऐकून घेतो. मग त्याला जोडीला अलीशा मिळतो आणि आणखी सात हजार माणसं आहेत हे कळतं. आपण पाळक मंडळी नेमका उलटा क्रम लावतो: आधी प्रश्न, मग सात हजारांचा दाखला, आणि भाकर राहूनच जाते.

म्हणून मी आधी विचारतो: किती तास झोपतोस? रात्री तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही असं होतं का? शेवटची पूर्ण सुट्टी कधी घेतलीस? जेवण कुठे होतं, घरी की लोकांच्या घरी? या प्रश्नांची उत्तरं द्यायला लाज वाटत नाही, आणि त्यातून पुष्कळ कळतं.

आपल्या भागातल्या पाळकाचा आठवडा कसा असतो हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण तो कागदावर पाहिल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. रविवारी सकाळची उपासना, मग मुलांची शब्बाथशाळा, कमिटी, दुपारी कोणाच्या घरी वाढदिवसाची प्रार्थना, संध्याकाळी शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये दुसरी उपासना. सोमवारी सुट्टी म्हणायची, पण दवाखान्यातल्या भेटी त्याच दिवशी येतात. मग घरसभा, उपास-प्रार्थना, तरुण संघ, आणि शनिवारी रात्री उशिरा लिहायला घेतलेला संदेश. त्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इथली मंडळी पांगली आहे. जी कुटुंबं आधी चर्चपासून चालत येण्याच्या अंतरावर राहायची, ती घरांच्या किमती परवडेनात म्हणून बदलापूर, डोंबिवली, उलवे, पनवेलला गेली. सभासदत्व मात्र जुन्याच मंडळीत. एका आजारी आजींना भेटायचं म्हणजे ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून, बदलून, पुढे रिक्षा करून जायचं. भेट वीस मिनिटांची, दिवस अख्खा जातो. आणि वार्षिक सभेत कोणीतरी उठून म्हणतं, "पाळकसाहेब आमच्याकडे वर्षभरात आले नाहीत." तुमच्या मित्राला वहीचं एक पान द्या आणि गेल्या आठवड्याचा हिशेब लिहायला सांगा. मी हे दोघांकडून करून घेतलं. एक जण पान अर्धं भरल्यावर लिहायचा थांबला आणि नुसता बघत राहिला.

भेटायचं कुठे? त्याच्या चर्चमध्ये नको, तिथे तो पाळकच राहतो. क्वार्टरवर नको, तिथे भिंतीपलीकडे मुलं आहेत. तुमच्या चर्चच्या ऑफिसमध्येही नको. मला चालत बोलणं बरं पडतं. ठाण्यात तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, गर्दीची असली तरी त्या गर्दीत दोन माणसांकडे कोणी बघत नाही. सकाळी लवकर येऊरच्या रस्त्याला जाता येतं. तुम्ही वाशी-नेरूळ बाजूला असाल तर खाडीकाठी कुठेही. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, त्यामुळे अवघड गोष्टी सुटून येतात.

अशीच एक संध्याकाळ सांगतो. पावसाळा होता. मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर आम्ही दोघे छत्र्या मिटून बसलो होतो. मित्राचा मोबाईल त्याने कट्ट्यावर पालथा ठेवला होता आणि तो थांबून थांबून थरथरत सरकत होता. चहाचा एक ग्लास संपेपर्यंत नऊ वेळा. दरवेळी मित्राची बोटं त्याच्याकडे जायची आणि परत यायची. मग त्याने पिशवीतून एक डबी काढून माझ्या मांडीवर ठेवली. आजाऱ्यांच्या घरी प्रभुभोजन न्यायची डबी, निळ्या मखमलीची, कडेने झिजलेली. आत चार इवले पेले, एकाला तडा गेलेला, आणि द्राक्षरसाची छोटी बाटली, तळाशी डाग. म्हणाला, "ही तुझ्याकडे ठेव. काल एका म्हाताऱ्या बाईंना भाकर दिली आणि त्या रडल्या. मला काहीच वाटलं नाही. काहीच नाही रे. मी पुढच्या घरची वेळ बघत होतो." मला काही सुचलं नाही. मी डबी बंद केली आणि आम्ही दिवे लागेपर्यंत बसून राहिलो. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले तोपर्यंत त्यांनी त्याचं चांगलंच केलं होतं. बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

दोन-तीन भेटींनंतर मग विचारायचं की त्याला नेमकं काय सोडायचं आहे. "सेवा सोडतो" या दोन शब्दांत बरंच काही गुंडाळलेलं असतं. ही मंडळी नको झाली का? कमिटीतली दोन माणसं नको झाली का? पगारात घर चालत नाही का? दर आठवड्याला उभं राहून बोलणं नको झालं का? की ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्याशीच बोलणं बंद झालं आहे? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे, आणि दमलेल्या माणसाला ही सगळी एकच गाठ वाटते.

माझ्या ओळखीच्या एकाला अंत्यविधी, दवाखाना, लहान मुलं, काहीच जड जात नव्हतं. दर महिन्याच्या कमिटीच्या आदल्या रात्री मात्र त्याला उलट्या व्हायच्या. खजिनदाराशी हिशेबावरून सुरू झालेला वाद तीन वर्षं चालला होता आणि वरच्या कोणी त्यात लक्ष घातलं नव्हतं. त्याची बदली झाली. आज तो आनंदाने सेवेत आहे. त्याला पाचारणावर प्रवचन दिलं असतं तर ते वायाच गेलं असतं, त्याला कमिटीत शेजारी बसणारा एक माणूस हवा होता.

दुसऱ्याची गोष्ट अशी सुटली नाही. तो लोकांसाठी मोठ्याने प्रार्थना करायचा आणि घरी आल्यावर त्याच्या तोंडून देवापुढे शब्द निघायचा नाही. वर्षभर असं चाललं होतं. अशा माणसाला सर्वात जास्त भीती असते ती ढोंगी म्हणून पकडलं जाण्याची. त्याला पटवायला जाऊ नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे, एवढंच मी त्याला एकदा म्हणालो. पुढे म्हणालो, "सध्या तुझ्या वाटची प्रार्थना मी करतो, तू नुसता बस." लढाई चालू असताना प्रार्थनेत वर धरलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला 'हात वर कर' असं सांगितलं नाही, त्याच्याखाली दगड सरकवला आणि दोन्ही बाजूंनी हात धरले.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगायला हवी. सोडण्यामागे त्याच्या हातून कोणाचं नुकसान झालेलं असेल, मंडळीचे पैसे, एखाद्या स्त्रीशी गैरवर्तन, तर तुमची मैत्री ते झाकण्यासाठी नाही. ज्याचं नुकसान झालं त्याची बाजू आधी. नुकसान झालेलं ते मूल असेल तर विचार करत बसायचंच नाही: २०१२ च्या पॉक्सो कायद्यात असा गुन्हा माहीत असणाऱ्या प्रत्येकाने कळवणं बंधनकारक आहे, पाळकालाही सूट नाही. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. त्यानंतरही तुम्ही त्या माणसासोबत पोलीस ठाण्यापर्यंत चालत जाऊ शकता, पण आधी कळवायचं.

आता प्रकृती. आपल्या लोकांत अजून असं समजलं जातं की पाळकाला नैराश्य आलं म्हणजे तो प्रार्थनेत कमी पडला. तुमच्या मित्राच्या मनातही ते असणार. दोन-तीन आठवडे सतत उदासी, झोप आणि भूक बिघडलेली, कशातच रस नाही, स्वतःविषयी "मी निरुपयोगी आहे" असं बोलणं, हे दिसलं तर डॉक्टरकडे न्या. नुसतं सुचवू नका, सोबत जा. थायरॉइड, साखर, बी-१२ या तपासण्याही फॅमिली डॉक्टर सांगतील, कधी कधी थकव्याचं मूळ तिथेही सापडतं. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना मंडळीतलं कोणी भेटेल ही भीती असते, म्हणून ठाण्याच्या माणसाने बेलापूरला आणि बेलापूरच्या माणसाने ठाण्याला जावं. खर्चाची अडचण असेल तर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १९०१ पासून चालू आहे. त्याचं नाव काढलं की लोक दचकतात, पण तिथे साधी बाह्यरुग्ण तपासणीही होते.

आणि "मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल" असं काही त्याच्या बोलण्यात आलं तर सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, घरच्या एका माणसाला सांगा आणि टेली मानसला १४४१६ वर फोन लावा. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. इथे "कोणाला सांगू नकोस" हा शब्द पाळायचा नाही, आणि हे त्याला तोंडावर सांगायचं.

एरवी मात्र तो शब्द पाळा. वरिष्ठांच्या कानावर घालू का, असं तुम्ही विचारलं आहे. नका घालू. बातमी त्याची आहे, सांगायची वेळही त्याची. हवं तर त्याला म्हणा, "तू बिशपांना भेटशील तेव्हा मी बाहेर बाकावर बसेन." आणि पाळकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "एका सेवकासाठी खास प्रार्थना करा, नाव देवाला ठाऊक आहे" असलंही काही लिहू नका. आपल्या भागात पाळक किती आहेत? दुपारपर्यंत नाव सगळ्यांना ठाऊक होतं. प्रार्थनेचा विषय म्हणून निघालेल्या बातमीने मी एक घर मोडता मोडता वाचलेलं पाहिलं आहे.

पाळकीणबाईंना विसरू नका. कदाचित मी हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. नवऱ्याची सेवा म्हणजे तिचीही बिनपगारी सेवा: महिला मंडळ, शब्बाथशाळा, दारात आलेल्या प्रत्येकाला चहा, आणि कमिटीतला अपमान रात्री ऐकून सकाळी त्याच माणसाशी हसून बोलणं. तिला कोणी विचारत नाही, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?" तुमच्या पत्नीला जमत असेल तर तिने जावं, स्वतंत्रपणे, आणि तिथे काय बोलणं झालं ते तुम्ही विचारू नये. मी ज्यांच्या घरी गेलो त्यातल्या एका घरी बायको नवऱ्याच्याही आधीपासून सोडायला तयार होती, फक्त तो दुखावेल म्हणून गप्प होती. दुसऱ्या घरी तिला पूर्ण धक्का होता. तुम्ही गृहीत काही धरू नका.

पैशाविषयी आपण मोकळं बोलत नाही, पण इथे बोलायलाच हवं. सोडायचं ठरलं तर क्वार्टर जाणार. नवी मुंबईत भाड्याचं घर म्हणजे अनामत रक्कम, दलाली, अकरा महिन्यांचा करार. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनाम्यावर तारीख घालू नको, असं त्याला सांगा. नियुक्तिपत्र काढून बसा: पीएफ कापला जात होता का, ग्रॅच्युइटीचं काही लिहिलंय का, क्वार्टर किती दिवसांत सोडायचं. मंडळीचा मेडिक्लेम असेल तर तो त्याच दिवशी संपेल, म्हणून स्वतःचा आधी काढायचा. मुलांचं शैक्षणिक वर्ष मार्च-एप्रिलला संपतं, शक्य असेल तर हलणं त्यानंतर. स्वतंत्र मंडळी असेल आणि तो ट्रस्टी असेल तर आणखी एक काम असतं जे पुष्कळ जण विसरतात. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. बँकेतली सही बदलून घ्यावी लागते. हे राहिलं तर गेलेल्या माणसाचं नाव कागदोपत्री वर्षानुवर्षं अडकतं, आणि पुढचे वाद त्याच्या दारात येतात.

नोकरीविषयी तो म्हणेल, "मला दुसरं येतंय काय?" हे खोटं आहे, पण त्याला खरं वाटतं. शोकात बुडालेल्या कुटुंबाशी बोलणं, पन्नास स्वयंसेवकांकडून विनामोबदला काम करून घेणं, दोन भांडणाऱ्या पक्षांना एका खोलीत बसवणं, दर आठवड्याला नवं भाषण तयार करणं, जमाखर्च सांभाळणं हे त्याला येतं. शाळा, रुग्णालयं, सामाजिक संस्था यांना अशी माणसं लागतात. त्याचा बायोडेटा तुम्ही शेजारी बसून लिहा. तो स्वतः लिहील तर चार ओळींत संपवेल.

इथे मला ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची आठवण होते. आपल्या प्रत्येक मराठी मंडळीत रविवारी त्यांचं एखादं तरी पद गायलं जातं. १८९५ साली बाप्तिस्मा, मग अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम. आणि १९१७ साली त्यांनी मिशनची ती पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारायला घेतला. दोनच वर्षांनी, १९१९ साली ते गेले. त्यांनी सेवा सोडली असं आज कोणी म्हणत नाही. आपण पगार, पद, झगा आणि सेवा एकमेकांत इतकं विणून टाकलं आहे की एक धागा ओढला की सगळं उसवेल असं वाटतं. पौल करिंथात अक्विल्लाकडे राहून तंबू शिवत होता. गणना ८ मध्ये तर देवाच्या मंडपात सेवा करणाऱ्या लेव्यांसाठी नियमच आहे: पंचवीसाव्या वर्षी कामाला लागायचं, पन्नासाव्या वर्षी त्यातून मोकळं व्हायचं आणि मग भावांना मदत करायची. थांबायची सोय देवानेच करून ठेवली होती. हे त्याला राहायला किंवा जायला पटवण्यासाठी सांगू नका. तो स्वतःला पळपुटा म्हणायला लागेल तेव्हा सांगा.

प्रत्यक्ष तुम्ही काय देऊ शकता? वेळ. २००९ साली मी राजीनामा लिहून त्या ज्येष्ठ पाळकांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि आपल्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, ठेवला. म्हणाले, "हा माझ्याकडे राहू दे. तीन महिन्यांनी मागितलास तर तारीख घालून परत देईन, एक शब्द बोलणार नाही. तोवर तुझे चार रविवार मी घेतो." माझ्या कमिटीशी रजेचं तेच बोलले. स्वतःची मंडळी सांभाळून, साठी ओलांडलेला माणूस, चार रविवार बस बदलून माझ्या मंडळीत येत राहिला. मी त्या महिन्यात गावी आईजवळ राहिलो आणि पहिले दहा दिवस जवळजवळ झोपूनच काढले. तीन महिन्यांनी मी पत्र मागितलं नाही. पुढे मी हीच पद्धत एका मित्राबरोबर वापरली. त्याने बरोबर नव्वदाव्या दिवशी पत्र मागितलं. मी दिलं. माझे हात जड झाले होते, पण शब्द दिला होता, आणि तो पाळला म्हणूनच आज आमचं येणंजाणं आहे.

तर तुम्ही त्याचे चार रविवार घ्या. तुमच्याकडे नसतील तर आणखी दोघांना गाठा. "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका, तो सांगणार नाही. "या महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार माझा" असं म्हणा.

तो गेलाच, तर रात्रीत सामान भरून जाऊ देऊ नका. मंडळीसमोर निरोप व्हावा, शाल-श्रीफळाचा थाट नसला तरी प्रार्थना व्हावी, मुलांना त्यांच्या शब्बाथशाळेतल्या मित्रांचा निरोप घेता यावा. मंडळीलाही ते हवं असतं, नाहीतर लोक वर्षभर कुजबुजत राहतात. त्यानंतरचे सहा महिने सगळ्यात अवघड, हे मला चौघांनीही सांगितलं. दिवसाला चाळीस वेळा वाजणारा फोन एकदम गप्प होतो. लोकांना त्याला काय म्हणून हाक मारावी कळत नाही, म्हणून ते रस्त्यात टाळतात. तुम्ही त्या सहा महिन्यांत दर आठवड्याला एक फोन करा, कामाशिवाय. आणि सहानुभूतीपोटी लगेच त्याला तुमच्या व्यासपीठावर बोलवू नका, त्याने मागितल्याशिवाय नाही.

पौल आणि बर्णबा यांचा सोबती मार्क पंफुल्यात काम अर्धवट टाकून घरी परतला होता. पौलाने पुढच्या फेरीला त्याला नेणार नाही म्हटलं, बर्णबा त्याला घेऊन कुप्रला गेला. आणि पौल शेवटच्या पत्रात मार्कालाच घेऊन ये म्हणून लिहितो. मधल्या वर्षांत बर्णबाने त्याच्याशी काय बोलणं केलं याचा एक शब्दही शास्त्रात नाही. तो नुसता सोबत होता.

या सगळ्यात तुम्हीही हलाल. त्याचं बोलणं ऐकताना एखाद्या रात्री वाटेल, मग मी तरी का राहिलोय? ते दाबू नका. तुमच्यासाठीही एक माणूस शोधा, शक्यतो तुमच्या मंडळीबाहेरचा, आणि मित्राचं नाव न घेता तुमच्यापुरतं बोला.

आणि एक तयारी करून ठेवा. डबी देणारा तो मित्र सेवा सोडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चला आला होता. पंधरा वर्षांत तो कधी उपासनेला बाकावर बसला नव्हता. दारात उभा राहिला, आणि कुठे बसायचं हे त्याला खरोखर कळेना. मी समोर उभा होतो, पहिलं गीत सुरू झालं होतं, मला हलता येत नव्हतं. माझ्या बायकोने शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली. तो येऊन बसला. तुम्हीही त्या रविवारी समोर उभे असाल, तेव्हा दारापाशी कोण बघेल हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.